लेकीशी खेळायचं म्हणजे नक्की करायचं काय? (वय साडेचार, वन रूम किचन, वेळ रात्री साडेआठनंतर)

मुलुंड_स्लो | १० जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी फोर्टला नोकरी करते, नवरा शिफ्ट ड्युटीत. सव्वाआठची स्लो लोकल पकडते आणि परत घरात पाऊल टाकेपर्यंत साडेसात वाजतात. मग कुकर, उद्याच्या भाजीची निवडानिवड. लेक दिवसभर सासूबाईंजवळ असते, आता ज्युनिअर केजी सुरू होईल. पालकसभेत बाईंनी विचारलं, "घरी अ‍ॅक्टिव्हिटी करून घेता ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही.

मग गेल्या रविवारी इंटरनेटवर बघून तांदूळ रंगवले. चार वाट्या, चार रंग, पंख्याखाली पेपरवर वाळवले. मोठ्या ताटात ओतून लेकीला म्हटलं, यात बोटाने अ काढ. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अन्न आहे ते." एवढंच. लेक चार मिनिटं बसली, अ काही काढला नाही, ताट तेवढं कलंडवलं. मग स्वतःच केरसुणी घेऊन आली आणि पुढचा अर्धा तास ते रंगीत तांदूळ एका लादीवरून दुसऱ्या लादीवर लोटत राहिली. ती खुशीत, मी रडकुंडीला, कारण सोमवारची तयारी तशीच पडलेली.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी फोटो टाकतं. रंगीत ट्रे, कापसाचे ढग, लाकडी ठोकळे. मला ते जमणार नाही हे आता कळलंय. पण मग काय जमेल? क्लासला घालायचं नाहीये. तुम्ही लोक घरी काय करता?

पेरूची_फोड | ११ जून, सकाळी ७:१०

+१. वाचतेय. आमच्याकडे जुळे आहेत, त्यामुळे सल्ला द्यायला आत्ता हात रिकामा नाही.

बालवाडी_निवृत्त | ११ जून, दुपारी ३:३५

अहो, तुमच्या लेकीने उत्तर दिलंय की! तिला अ नको होता, केरसुणी हवी होती.

मी शिवडी-परळ भागात २६ वर्षं बालवाडी घेतली. पालकांची घाई कायम पेन्सिलीची. पण हात तयार होतो तो खांद्याकडून बोटांकडे. आधी लोटणं, ढकलणं, पिळणं, ओतणं, आणि मग कुठे चिमटीत धरणं. खांदा-मनगट कच्चं असताना पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, दोन ओळींत दमतं, आणि आपण म्हणतो हिला लिहायचा कंटाळा आहे. केर काढताना तुमची मुलगी लिहिण्याचीच तयारी करत होती. फक्त त्याचा फोटो ग्रुपवर शोभला नसता.

घरात काय आहे ते सांगते. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे: सुकलेले कपडे काढताना चिमटे तिने काढायचे आणि डब्याच्या काठाला ओळीने लावायचे. चिमटीला याहून चांगला व्यायाम मी २६ वर्षांत पाहिला नाही. लसूण सोलणं, पण पाकळ्या पाण्यात भिजवून द्या आणि नंतर हात धुवा, नाहीतर डोळ्यांत बोट जाईल आणि मला शिव्या पडतील. मटार. कणकेचा छोटा गोळा. मोज्यांच्या जोड्या लावणं. शाळेत याच जोड्या कागदावर छापून देतात आणि रेघ मारायला लावतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला, मग १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. साहित्य काय होतं? बिया, शिंपले, खडे, पानं, माती. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. तुमच्याकडे अंगण नाही, पण ओटा तर आहे.

आणि बाईंनी पुन्हा विचारलं तर सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून, कृतीतून शिकण्याचा आहे. नम्रपणे सांगा, पण सांगा.

एक गंमत करून बघा. दोन सारख्या वाट्यांत सारखं ताक घ्या. तिला विचारा, सारखं आहे का? ती हो म्हणेल. मग तिच्यासमोर एका वाटीतलं ताक उंच, अरुंद पेल्यात ओता आणि पुन्हा विचारा. माझी खात्री आहे, पेल्यात जास्त आहे म्हणेल. तिला चूक म्हणू नका. त्या वयाला डोळ्यांना दिसते ती उंचीच खरी. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिलंय. साधारण सात वर्षांच्या आसपास मुलाला आपोआप उमगतं. तोवर समजावून उपयोग नाही. बादलीभर पाणी, दोन-तीन आकारांची भांडी आणि आंघोळीला दहा मिनिटं जास्त द्या.

खवचट_बाबा | ११ जून, रात्री १०:०४

ताई, सगळं मान्य. पण दुसरी बाजू मांडतो.

मीही असाच एक धागा वाचून पेटलो होतो. भाजी आणायला गेलो की टोमॅटो कोणत्या रंगाचा, भोपळा जड की काकडी, पाव किलो म्हणजे किती ग्रॅम. जिना चढताना पायऱ्या मोज. पोळी खाताना आकार सांग. मुलगा पाच वर्षांचा. एका रविवारी मी भेंडी पुसायला बसलो, त्याला हाक मारली. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मोजायची नसेल तर येतो."

तेव्हापासून तोंड बंद ठेवायला शिकलो. घरकामात मूल घ्या, जरूर घ्या, पण प्रत्येक भेंडीची चाचणी परीक्षा करू नका. आपण प्रश्न विचारतो ते बहुतेक असे, ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत असतात. मुलांना तो वास लगेच येतो.

बालवाडी_निवृत्त | ११ जून, रात्री १०:२०

खवचट_बाबा, आयडी बदला. अगदी शंभर टक्के बरोबर बोललात. विचारायचंच असेल तर आपल्याला खरोखर अडलेलं विचारावं. "या डब्यात एवढी डाळ मावेल का गं?" हे मलाही ओतल्याशिवाय कळत नाही.

मुलुंड_स्लो | १२ जून, सकाळी ८:३१

लेडीज डब्यातून लिहितेय, भांडुपला उभी आहे. "मोजायची नसेल तर येतो" वाचून मोठ्याने हसले, शेजारची बाई सरकली.

ताकाचं काल केलं. पेल्यात जास्त आहे म्हणाली, आणि तोच पेला तिने नवऱ्यासाठी झाकून ठेवला.

दोन_नंबर_फलाट | १२ जून, दुपारी १:१५

आमची शाळा स्टेशनवर भरते. मुलगा आता सहाचा आहे. आजीकडे कुर्ल्याहून ठाण्याला महिन्यातून दोनदा जाणं होतं, तेवढ्यात त्याला स्टेशनं ओळीने पाठ झाली: विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे. पाठ करून घेतली नाहीत. आपण कुठे आलो हे तो मला विचारायचा, एक दिवस मी उलट त्याला विचारलं, कारण गर्दीत मला खरंच बाहेरचं दिसत नव्हतं. मग ते त्याचं कामच झालं. फास्टने गेलो की मधली स्टेशनं कुठे गेली म्हणून भांडायचा. फास्ट-स्लोमुळे त्याला वगळून मोजणं कळलं, असा माझा दावा आहे. बायको मानत नाही.

आकड्यांचं मात्र नक्की सांगतो. बेस्टच्या बसच्या कपाळावर मराठी नंबर, बाजूला इंग्रजी. इंग्रजी शाळेत जाणारं मूल मराठी चार हा आठ वाचतं, कारण तो हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी एक त्याला नऊ वाटतो. आम्ही थांब्यावर खेळ करायचो: समोरून येताना त्याने नंबर ओळखायचा, बस जवळ आली की बाजूचा इंग्रजी नंबर बघून स्वतःच तपासायचा. मी बरोबर-चूक काहीच म्हणायचं नाही. तीन-चार आठवड्यांत दोन्ही पक्के झाले. दोन वेळा आमची बस सुटली, ती या खेळातली फी.

पेरूची_फोड | १२ जून, दुपारी २:४०

आकडे ओळखता येतील हो, पण एकोणतीस, एकोणचाळीस यांचं काय करायचं? आमचे जुळे अठ्ठावीसनंतर थेट "वीस नऊ" म्हणतात.

पाढेवाला | १२ जून, दुपारी ४:०२

म्हणू द्या. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष. मुद्दा चुकीचा नव्हता. आपण बोलतो चोवीस, म्हणजे आधी चार मग वीस, आणि लिहितो आधी दोन मग चार. मूल ऐकल्या क्रमाने लिहितं आणि बेचाळीस होतात. कानडी, तमिळ, तेलुगू मुलांना हा त्रास नाही, त्यांच्यात दशक आधी बोलतात.

जुनं_ते_सोनं | १२ जून, दुपारी ४:१९

म्हणजे आता सत्याहत्तर म्हणायला पण लाज वाटायला लागली का मराठी माणसाला? आम्ही शिकलोच ना?

पाढेवाला | १२ जून, दुपारी ४:२६

शिकलो. छड्या खाऊन.

अ‍ॅडमिन | १२ जून, संध्याकाळी ५:००

संख्यावाचनावर स्वतंत्र धागा काढावा. इथे मुलांविषयी बोलू.

पाढेवाला | १२ जून, संध्याकाळी ५:४५

काढतो. पण जाता जाता कामाचं एक: एकोण म्हणजे एक उणा. आमची बिल्डिंग चार मजली, बिनलिफ्टची. दर दहाव्या पायरीवर आम्ही खडूची रेघ ओढली. रेघेच्या एक पायरी अलीकडे थांबायचं आणि ओरडायचं: एक उणे वीस! एक उणे तीस! चार दिवसांनी पोरीने विचारलं, "म्हणजे एकोणतीस हा तिसात एक कमी आहे?" हे मला स्वतःला चाळिशीत कळलं होतं. (सोसायटीच्या सेक्रेटरींनी रेघा पुसायला लावल्या. पोरगी अजून बरोबर त्याच पायऱ्यांवर थांबते.)

गिरगावकर_आजोबा | १३ जून, सकाळी ६:२०

सर्वांस नमस्कार. मूळ प्रश्न लहान मुलीचा आहे, माझा नातू नऊ वर्षांचा, तरी लिहितो, कदाचित पुढे उपयोगी पडेल.

आमच्याकडे पाऊणकी पाठ असायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे. नातू म्हणाला, आजोबा, पाऊणकीचा उपयोग काय? मी त्याला चौपाटीवर नेलं. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. ती भरती दिवसाही आणि रात्रीही, आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तोंडी हिशोब करायचा आणि जाऊन पाहायचं.

त्याने वही केली. एका रकान्यात आमची वेळ, शेजारी वर्तमानपत्रातली. कधी दहा मिनिटांचा फरक, कधी तासाचा. तो म्हणाला, "आजोबा, तुमचं चुकतंय." मी म्हटलं, का ते शोध. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि आमच्या पाऊणकीत ती पंचेचाळीसच धरलेली, हे त्याने वहीवरून काढलं. मला आनंद झाला, थोडा अपमानही झाला.

मग त्याने विचारलं, अमावास्येला चंद्र दिसत नाही तरी भरती मोठी का? दोन संत्री आणि एक लिंबू घेऊन बसलो. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते. चंद्र रेषेच्या या बाजूला असो की त्या. संत्री नंतर खाल्ली.

पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाण्याजवळ जाऊ नये. आम्ही लांबून, रस्त्यावरून पाहतो.

खवचट_बाबा | १३ जून, सकाळी ९:१२

आजोबा, साष्टांग. वाचनखूण साठवली.

तळमजला_डावीकडे | १३ जून, रात्री ९:४०

जागेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीत खाली सगळं पार्किंग, आणि पाटी: येथे चेंडू खेळू नये. गाडीच्या आरशाला एकदा टेनिसचा चेंडू लागला, त्यावर सभा झाली. झोके, बाग, फुटबॉल वगैरे सल्ले देणाऱ्यांनी एकदा आमच्या पॅसेजमध्ये यावं.

पॅसेज आहे सहा बाय वीस फूट. तिथे चालतं ते सांगते. लंगडी. खडूने पाच बाय पाच घरं आखून अष्टाचंगा. कवड्या नसतील तर चिंचोके एका बाजूने फरशीवर घासून पांढरे करा. चार कवड्या फेकायच्या; जितक्या उताण्या तितकी घरं चालायचं, चारही उताण्या म्हणजे चार, सगळ्या पालथ्या म्हणजे आठ. मुलं न मोजता, नुसतं बघून "तीन!" म्हणायला लागतात. हरायला पण शिकतात. आधी कवड्या भिरकावतात, मग शिकतात. साडेचार वर्षांच्या मुलीला मारामारीचा पूर्ण खेळ जमणार नाही, तिला नुसतं फेकून चालू द्या.

मोबाइलबद्दल एक ओळ: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली आहे, कमी तेवढं बरं. आमच्याकडे पाळली जाते का? पाऊस नसेल त्या दिवशी.

नवी_आई_चेंबूर | १४ जून, रात्री १:०५

धागा छान. माझा मुलगा तीन वर्षांचा होईल. एकेक शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. घरचे म्हणतात मुलगे उशिरा बोलतात. कोणते खेळ घेऊ?

बालवाडी_निवृत्त | १४ जून, सकाळी ६:५०

खेळ घ्याच, पण खेळांवर थांबू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. काही नसेल तर उत्तमच. असेल तर जितकं लवकर कळेल तितकं बरं. "मुलगे उशिरा बोलतात" या वाक्याने माझ्या वर्गातल्या दोन मुलांची दीड-दीड वर्षं गेली आहेत. घाबरू नका, पण जा.

नवी_आई_चेंबूर | १४ जून, सकाळी ७:०२

सोमवारची वेळ घेते. धन्यवाद ताई.

मुलुंड_स्लो | १५ जुलै, रात्री ११:३०

धागा वर काढतेय, कारण सांगायला हवं.

पहिला आठवडा भयंकर गेला. कोथिंबीर निवडायला दिली, पस्तीस मिनिटं लागली, आणि बाईसाहेबांनी पानं टाकून देठ ठेवले. मी शिकवलंच नव्हतं कुठलं ठेवायचं ते. लसणाच्या दिवशी डोळ्यांत बोट गेलंच (ताई, शिव्या नाही दिल्या). भाताला पाणी तिने मोजून घातलं, एक वाटी तांदळाला दोन, आणि मी फोनवर असताना आणखी दोन. सासूबाईंनी काही न बोलता त्याची पेज म्हणून वाढली, वर तूप-मीठ.

पण खरा बदल मी केलेला नाही. त्या पेजेच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माळ्यावरचं पोतं खाली काढायला लावलं. त्यातून त्यांच्या माहेरची मापं निघाली: चिपटं, मापटं, शेर. पितळेची, काळी पडलेली. चिंचेने घासायला दोघी बसल्या. आता दुपारी मी ऑफिसात असताना घरात तांदूळ मोजले जातात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पायलीचं माप नाही, ती तोंडीच. लेक अजून ऐकत नाही. दोन चिपट्यांत जास्त आहे म्हणते, कारण ती दोन आहेत. सासूबाई ओतून दाखवतात, ती पुन्हा दोन म्हणते, त्या पुन्हा ओततात. दोघींनाही घाई नाही. सांडलेला दाणा न् दाणा केरसुणीने गोळा होतो आणि डब्यात परत जातो. "अन्न आहे ते," हे आता लेक म्हणते, मला.

बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रात्री ताटं मांडायचं काम तिचं. आम्ही चौघं. नवऱ्याची या आठवड्यात रात्रपाळी आहे. काल तिने तीन ताटं सुलटी मांडली आणि चौथं पालथं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "बाबाचं. तो आहे, पण जेवायला नाही." @तळमजला_डावीकडे, तुमच्या चिंचोक्यांची कृपा: मग सगळ्या ताटांकडे बघून म्हणाली, तीन उताणी, तीनच घरं. सगळी पालथी असती तर आठ.